डॉलर-रुपयाच्या बॅकटेस्टवर विश्वास ठेवण्यापूर्वी

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रभाग तयार करणारे अनेक कारखाने आहेत आणि त्यांतल्या काहींचा माल परदेशी जातो. डॉलरमध्ये बिल झाल्यापासून पैसे हाती येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात आणि तेवढ्यात रुपया वधारला तर नफ्याचा मोठा वाटा निघून जातो. अशा कारखान्यांचे हिशेब पाहता पाहता, डॉलर केव्हा विकावा हे ठरवणारे छोटे प्रोग्राम मी लिहिले आणि तपासले. हल्ली टिळकवाडीपासून निपाणीपर्यंतची इंजिनिअरिंगची मुलेही हेच करू पाहतात आणि दहा वर्षे सरळ वर चढत गेलेला आलेख दाखवून ‘हे चालेल ना?’ असे विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. ओतकामात त्याच धातूचा टेस्ट बार ओततात आणि तो यंत्रात ताणून तोडतात, तेव्हा कुठे धातूची ताकद कळते. बॅकटेस्टकडे, म्हणजे एखादी पद्धत जुन्या भावांवर चालवून पाहण्याच्या चाचणीकडेही, तसेच पाहावे. वाईट पद्धत बाद करणे हे तिचे काम आहे. चांगली पद्धत सिद्ध करणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

आधी कायद्याचे पाहू, कारण जो सौदा करताच येत नाही त्याची चाचणी व्यर्थ आहे. परदेशी संकेतस्थळांवर युरो-डॉलरसारख्या जोड्यांत सट्टा करणे भारतात राहणाऱ्या व्यक्तीला फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्यान्वये मान्य नाही. अशा अनधिकृत मंचांची यादी रिझर्व्ह बँक सप्टेंबर 2022 पासून प्रसिद्ध करते. एक्स्चेंजवरील, म्हणजे शेअर बाजारासारख्या मान्यताप्राप्त बाजारातील, डॉलर-रुपयाच्या करारांतही 3 मे 2024 पासून हे स्पष्ट झाले आहे की सौदा करणाऱ्याकडे खरीखुरी परकीय चलनाची जोखीम असली पाहिजे. निर्यातदाराकडे ती असते. केवळ नफ्यासाठी उतरणाऱ्या विद्यार्थ्याकडे नसते. या बदलानंतर एक्स्चेंजवरील उलाढाल एकदम घटली, म्हणून त्याआधीच्या वर्षांत खरेदी-विक्रीच्या भावांत जेवढे अंतर दिसते तेवढेच आजही मिळेल असे धरून चालू नये.

माहिती गोळा करताना पहिली चूक होते ती स्पॉटचे (ताबडतोबीच्या व्यवहाराचे) दर वापरून फ्युचर्सची (पुढच्या तारखेच्या करारांची) पद्धत तपासण्याची. रुपयाचा व्याजदर डॉलरपेक्षा अधिक असल्याने पुढच्या महिन्यांचा डॉलर सहसा स्पॉटपेक्षा महाग असतो. डॉलर घेऊन बसणारा हा प्रीमियम दर महिन्याला गमावतो आणि डॉलर विकणाऱ्या निर्यातदाराला तो मिळतो. स्पॉटच्या आकड्यांत यातले काहीच दिसत नाही, त्यामुळे खरेदीची पद्धत आहे त्यापेक्षा चांगली भासते. एकेका महिन्याचे करार जोडून सलग मालिका केली असेल, तर जोडाच्या दिवशी पडणारी उडी नफा म्हणून मोजली गेली नाही ना, हेही हाताने तपासावे.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. दिवसाच्या बंद भावावरून घ्यावे की विकावे याचा संकेत काढायचा आणि त्याच बंद भावाला सौदा झाला असे मानायचे, म्हणजे उद्याचे आज माहीत असल्यासारखे होते. डॉलरचा त्या दिवसाचा अधिकृत संदर्भ दर दुपारी जाहीर होतो. तो वापरून सकाळी नऊचा सौदा ठरवला तर चाचणी तिथेच खोटी ठरली. उपाय सोपा आहे: संकेताचा रकाना एक ओळ खाली सरकवावा आणि पुढच्या सत्राच्या पहिल्या भावाला सौदा धरावा. एवढ्याने नफा नाहीसा झाला, तर तो कधीच नव्हता.

खर्चाचा हिशेब मी नेहमी कागदावर करतो. एक्स्चेंजवरील एक लॉट, म्हणजे सौद्याचे एकक, 1,000 डॉलरचा आणि भावातील लहानात लहान पाऊल 0.0025 रुपयाचे, म्हणजे लॉटमागे अडीच रुपयांचे असते. समजा, पद्धत सौद्यामागे सरासरी दीड पैसा, म्हणजे लॉटमागे 15 रुपये कमावते. भावांतील अंतरापोटी पाच, ठरलेल्या भावापेक्षा वाईट भाव मिळाल्याने पाच आणि दलाली व करांपोटी पाच रुपये गेले, तर हजार सौद्यांनंतर हाती शून्य राहते. म्हणून गृहीत धरलेला खर्च दुप्पट करून चाचणी पुन्हा चालवावी. आपला बाजार संध्याकाळी पाचला बंद होतो, पण अमेरिकेची रोजगाराची आकडेवारी आपल्याकडे सहा किंवा सात वाजता येते. रात्रीत उसळी आली तर सकाळी स्टॉप-लॉसच्या, म्हणजे तोटा थांबवण्यासाठी आधी ठरवलेल्या, भावाला सौदा मिळत नाही. 15 जानेवारी 2015 रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोमागे 1.20 फ्रँकची मर्यादा अचानक काढली, तेव्हा चोवीस तास चालणाऱ्या बाजारातही हेच घडले.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो आपण किती प्रयोग केले हे मोजण्याला. मूव्हिंग अॅव्हरेजचे (मागच्या काही दिवसांच्या सरासरी भावाचे) वीस आणि स्टॉप-लॉसचे दहा पर्याय घेतले की दोनशे पद्धती होतात. पूर्ण निरुपयोगी अशा वीसच स्वतंत्र पद्धती पाच टक्क्यांच्या कसोटीवर (जिच्यात निरुपयोगी पद्धतही शंभरातून पाच वेळा पार होते) तपासल्या, तरी त्यांतली एखादी निव्वळ योगायोगाने उत्तीर्ण होण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. फसलेला प्रयोगही वहीत नोंदवावा. 20 दिवसांची सरासरी नफा देते आणि 18 किंवा 23 दिवसांची तोटा देते, तर ती पद्धत सोडून द्यावी. जमवलेल्या माहितीतली शेवटची तीन वर्षे सुरुवातीलाच बाजूला ठेवावीत आणि सर्व ठरल्यावर एकदाच उघडावीत. दुसऱ्यांदा उघडलेली ती वर्षे परीक्षेची राहत नाहीत. शंभर सौद्यांत 55 यशस्वी झाले, यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण तेवढ्या संख्येत पाच टक्क्यांची चूक सहज संभवते.

चाचणीचा काळ कसा होता, हे आलेख सांगत नाही. 2023 मध्ये डॉलर बहुतेक काळ साडेएक्याऐंशी ते साडेत्र्याऐंशी रुपयांच्या पट्ट्यात राहिला. पट्ट्याच्या तळाशी घ्या आणि माथ्याशी विका, अशी कोणतीही पद्धत त्या वर्षी हुशार दिसते. फेब्रुवारी 2025 मध्ये डॉलर 87 च्या पुढे गेला. माथ्याशी विकून थांबलेल्याचे तोवर किती नुकसान झाले असते हे स्वतः मोजून पाहावे. तोटा झाला की लॉट दुप्पट करणाऱ्या पद्धतीचा आलेख तर असे वर्ष येईपर्यंत सर्वांत सुंदर दिसतो, पण सलग दहा तोट्यांत पहिल्या सौद्याच्या 1,023 पट रक्कम बुडते.

एवढ्यातून जे उरेल ते तीन महिने केवळ कागदावर चालवावे. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जाते, इंटरनेट तुटते आणि उघडा सौदा तसाच राहतो. हे बॅकटेस्टला माहीत नसते. नंतर एकाच लॉटने, कारखान्याच्या येणे असलेल्या डॉलरांच्या मर्यादेत, सुरुवात करावी आणि किती तोट्यावर थांबायचे तो आकडा आधीच लिहून ठेवावा. प्रत्येक सौद्याचा मिळालेला भाव आणि त्याच दिवसासाठी प्रोग्रामने दाखवलेला भाव शेजारी लिहीत जावे. पन्नास सौद्यांनंतर या दोहोंतील सरासरी फरक अपेक्षित नफ्याहून मोठा निघाला, तर प्रोग्राम बंद करून निर्यातीचे डॉलर बँकेकडे फॉरवर्डमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवून, विकावेत.