सायकलचा स्पीड: जीपीएस पुरे की चाकाला सेन्सर लावायचा?

आधी बघा तुम्ही सायकल चालवता कुठे. मोकळ्या सरळ हायवेवर असाल तर जीपीएस मस्त चालतं, उगाच खर्च करू नका.

घाटात मात्र गडबड होते. जीपीएस साधारण दर सेकंदाला तुमची जागा टिपतं आणि ती जागा मोकळ्या आभाळाखालीसुद्धा काही मीटर इकडेतिकडे असते. आता सिंहगड चढताना तुमचा स्पीड ताशी ७ किमी, म्हणजे सेकंदाला जेमतेम २ मीटर, मग चूकच त्याहून मोठी झाली ना, त्यामुळे आकडा सारखा नाचतो नाहीतर उशिरा बदलतो. वळणांवर ते ठिपके सरळ रेषेने जोडले जातात म्हणून अंतरही कमी भरतं. कात्रजच्या जुन्या बोगद्यात तर सिग्नलच जातो. आणि घरी ट्रेनरवर (मागचं चाक अडकवून जागेवरच पेडल मारायचा स्टँड) सायकल हलतच नाही, तिथे जीपीएस काय मोजणार, तिथे मागच्या चाकाला सेन्सर हवाच.

सेन्सर हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) रबराने अडकवायचा प्रकार घ्या, स्पोकला मॅग्नेट लावायची कटकट नाही. आत बटण सेल असतो, तोही सहज मिळतो.

पण सेन्सर फक्त चाकाचे फेरे मोजतो. एका फेऱ्यात किती अंतर, हे सायकल कॉम्प्युटरला (हँडलवरचा स्पीड-अंतर दाखवणारा छोटा डिस्प्ले) तुम्ही सांगायचं, आणि इथेच बरेच जण चुकतात. ७००×२५ टायरचा (२५ म्हणजे मिमीमध्ये रुंदी) घेर साधारण २१०५ मिमी, ७००×२८ चा २१३६. टायर २८ चा टाकला आणि सेटिंग २५ चं राहिलं तर २०० किमीच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) जवळजवळ ३ किमी कमी दिसणार, मग क्यू शीटवरचं (कुठल्या किमीला कुठे वळायचं याची यादी) वळण शोधत बसा!

म्हणून टायरच्या घेराच्या तयार तक्त्यावर विसंबू नका, स्वतः मोजा. नेहमीएवढी हवा भरा, पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणा, जमिनीवर खडूची खूण करा. सायकलवर बसा (वजनाने टायर दबतो, त्यामुळे बसणं गरजेचंच), कोणालातरी धरायला सांगा आणि सरळ रेषेत पूर्ण ३ फेरे पुढे जा. व्हॉल्व्ह परत खाली आला की दुसरी खूण. मधलं अंतर मिमीमध्ये मोजून ३ ने भागा, तोच आकडा कॉम्प्युटरच्या व्हील साइज सेटिंगमध्ये टाका. सेन्सर मागच्या चाकाला असेल तर तेच चाक मोजा. टायर बदलला की परत मोजायचं.

सेन्सर जोडल्यावर जीपीएस बंद नका करू. बहुतेक कॉम्प्युटर स्पीड सेन्सरवरून घेतात आणि नकाशा जीपीएसवरून. स्ट्राव्हा ॲपवरच्या सेगमेंटची (रस्त्याचा ठरावीक तुकडा, ज्यावर सगळ्यांच्या वेळा ताडून बघतात) वेळ मात्र जीपीएसच्या ठिपक्यांवरूनच ठरते, त्यासाठी सेन्सर घेणार असाल तर पैसे वाचवा.