नागपूरचा इतिहास पायी बघायचा असेल तर

सुरुवात महाल या जुन्या वस्तीतून करा, सकाळीच, तर्री-पोहे खाऊन. गोंड राजा बख्त बुलंद शाहानं १७०२ मध्ये शहर वसवलं, भोसले नंतरचे. पाहुण्यांना मी हे आधी सांगतो, कारण गोंडांचं नाव फार लवकर विसरलं जातं. गांधी गेटातून निघा, शुक्रवारी तलावाच्या काठानं सीताबर्डी गाठा. १८१७ मध्ये भोसले इंग्रजांशी इथंच लढले, हरले. इथला किल्ला लष्कराकडे आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्टला आत सोडतात, तेव्हाच या.

पुढे झिरो माईल, इंग्रजांनी सर्वेक्षणासाठी उभारलेला वाळूच्या दगडाचा खांब. मग विधानभवन. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. ती गेली, विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून १९५३ मध्ये झालेल्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन तेवढं मिळालं.

दीक्षाभूमीसाठी अख्खी संध्याकाळ राखून ठेवा.