मेंदूतला लिम्फोमा: स्कॅन वाचताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक स्कॅन आपल्यापुढे येण्याआधीच झालेली असते. सीटीत गाठ आणि भोवती सूज दिसली की लगेच डेक्सा (डेक्सामेथासोन, सूज उतरवणारं स्टिरॉइड) सुरू होतं. इतर बहुतेक गाठींत त्याने काही बिघडत नाही. लिम्फोमात (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगात) मात्र स्टिरॉइडने नुसती सूज उतरत नाही, गाठीच्या पेशीच मरतात. चार-पाच दिवसांनी एमआरआय करावा तर गाठ अर्धी, कधी गायबच. घरचे खूश. बायोप्सीच्या तुकड्यात काही सापडत नाही, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाठ परत हजर, कधी दुसऱ्याच जागी. म्हणून रिपोर्टला बसण्याआधी फोन करा: डेक्सा दिलंय का, कधीपासून? (दाब जिवावर बेतला असेल तर अर्थातच थांबायचं नाही.) आणि विरघळली म्हणजे लिम्फोमाच, असंही नाही, डिमायलिनेशन (मज्जातंतूंच्या आवरणाची झीज) आणि सार्कॉइडही (दाहामुळे गाठी होणारा एक आजार) स्टिरॉइडने ओसरतात.

दुसरी चूक, प्लेन सीटीवरून नुसती नजर फिरवणं. या गाठीत पेशी दाटीवाटीने भरलेल्या असतात, म्हणून ती कॉन्ट्रास्टशिवायही (शिरेतून देतात त्या, गाठ उजळवणाऱ्या औषधाशिवायही) जराशी पांढरट दिसते. त्याच दाटीमुळे पाण्याची हालचाल अडते. पण नुसत्या डिफ्यूजनच्या (पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या एमआरआयच्या) चमकेवर विसंबू नका, एडीसी मॅप (त्या हालचालीचं मोजमाप, अडलेला भाग त्यात काळा दिसतो) उघडा. पू असलेल्या गळवात मधला भाग काळा दिसतो. लिम्फोमात कॉन्ट्रास्ट घेणारा भरीव भागच काळा असतो.

आपल्याकडे रिंग (फक्त कडेने उजळणारी गाठ) दिसली की टीबी, हा हिशेब ठरलेला. बहुतेकदा तो बरोबरही निघतो. प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर लिम्फोमा सहसा भरीव, एकसारखा उजळतो. एचआयव्हीत मात्र तोही रिंग होऊन येतो आणि टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गासारखा दिसतो. स्पेक्ट्रोस्कोपीत (एमआरआयवरच गाठीतली रसायनं मोजणाऱ्या तपासणीत) लिपिडचं, म्हणजे चरबीचं, शिखर दिसलं म्हणून एकेटी (टीबीची औषधं) सुरू करण्याआधी लक्षात ठेवा, ते शिखर ट्युबरक्युलोमात (टीबीच्या गाठीत) असतं तसं लिम्फोमातही असतं.

कॉर्पस कॅलोसम (मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पट्टा) ओलांडून फुलपाखरासारखी पसरलेली गाठ म्हणजे ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचाच एक आक्रमक कर्करोग), हे परीक्षेतलं उत्तर. लिम्फोमाही तोच रस्ता धरतो. इथे परफ्यूजन (गाठीतलं रक्त मोजणारा स्कॅन) खरं कामाला येतं: ग्लायोब्लास्टोमात रक्ताचं प्रमाण खूप वाढलेलं असतं, लिम्फोमात तितकं नाही. नुसता आकडा बघून थांबू नका, कॉन्ट्रास्ट गाठीतून जातानाचा सिग्नलचा आलेखही बघा. लिम्फोमात खाली गेलेली रेघ वर येताना अनेकदा मूळ पातळीच्याही वर जाते.

शेवटची चूक म्हणजे मेंदूपाशीच थांबणं, कारण लिम्फोमा शरीरात इतरत्रही असू शकतो. पूर्ण मणक्याचा एमआरआय, पेट-सीटी (शरीरभर गाठी शोधणारा स्कॅन), एचआयव्ही चाचणी, वयस्क पुरुषांत वृषणांची सोनोग्राफी हे सुचवा. आणि डोळे! औषधांना दाद न देणारा यूव्हायटिस (डोळ्याच्या आतला दाह) आधीपासून असेल, तर स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून बघायचं यंत्र) तपासणी आवर्जून लिहा. डोळ्यातल्या द्रवात लिम्फोमाच्या पेशी सापडल्या, तर कधी कधी मेंदूची बायोप्सीच टळते.