टीशर्टच्या कापडावर मशीनची टीप सुटत होती, ती अशी थांबली

भाचीच्या वाढदिवसासाठी तिच्या आईच्या दोन जुन्या टीशर्टांचा फ्रॉक शिवायला घेतला. सुती कापडावर मशीन सुरेख चालायची, पण टीशर्टवर दर चार-पाच टाक्यांनंतर एक लांब, सैल टाका पडायचा. शिवण ओढली की तट्कन उसवायची.

वरच्या दोऱ्याचा ताण कमी-जास्त केला, बॉबिन पुन्हा भरली, मशीनला तेल दिलं. फरक शून्य. तीनदा उसवल्यावर अक्षरशः रडू आलं.

चूक सुईची होती. साध्या टोकदार सुईने शिवताना ताणणारं कापड सुईला चिकटून वर उचललं जातं. मग खाली दोऱ्याचा फास नीट बनत नाही आणि बॉबिनजवळ फिरणाऱ्या हुकाला तो पकडता येत नाही.

आधी ७५/११ नंबरची स्ट्रेच सुई लावली. तिचं टोक गोलसर असतं, ते धागे न तोडता मधून जातं. माझ्या मशीनला सुईची सपाट बाजू मागे येते. सुई पार वर टेकवूनच स्क्रू आवळा, जरा खाली राहिली तरी टाके सुटतात. मग वर-खाली दोन्हीकडे पॉलिस्टर दोरा, कारण सुती दोरा ताणाला तुटतो. टाका झिगझॅग, म्हणजे नागमोडी ठेवला: लांबी २.५ मिमी, रुंदी १ मिमी. शिवताना कापड मागून ओढायचं नाही, नुसता हात ठेवायचा. आधी उरलेल्या बाहीच्या तुकड्यावर शिवून, ताणून पाहिलं.

एकही टाका सुटला नाही. कडा थोड्या लाटांसारख्या झाल्या होत्या, त्या वाफेच्या इस्त्रीने बसल्या.