लातूर-परभणीच्या उन्हात नवी टेक्नो रेकॉर्ड कशी जपाल?

अंडरग्राउंड (छोट्या, स्वतंत्र कंपन्यांच्या) हाउस, टेक्नो आणि इलेक्ट्रो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या बारा इंची रेकॉर्ड बऱ्याचदा काहीशेच छापतात, म्हणून आगाऊ नोंदणी करावीच लागते. मात्र माल एप्रिल-मेमध्ये येणार असेल, तर दुकानदाराला थांबवायला सांगा आणि जूननंतर एकत्र मागवा. उन्हात उभ्या कुरिअरच्या गाडीत पारा साठ अंशांकडे गेला की विनाइल, म्हणजे रेकॉर्डचं प्लास्टिक, मऊ पडून वाकतं.

पार्सल आलं की लगेच फोडू नका. दोन-तीन तास सावलीत राहू द्या. मग रेकॉर्ड फिरवून कडेकडून बघा: सुई हलके वर-खाली होत असेल तर चालेल, उडत असेल तर फोटो काढून लगेच दुकानाला कळवा.

नवी रेकॉर्डही धुवावीच, कारखान्यातली धूळ खाचांत असते. पण बोअरचं पाणी अजिबात नको! त्यातले क्षार वाळून खाचांत बसतात आणि कटकट आवाज कायमचा चिकटतो. डिस्टिल्ड वॉटर घ्या, अर्ध्या लिटरला भांड्याच्या साबणाचा एकच थेंब. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा.

वाजवण्याआधी लेबलवर वेग ३३ की ४५ (मिनिटाला फेरे) ते बघा. कधीकधी दोन्ही बाजूंचा वेग वेगळा असतो. सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) पत्रकाप्रमाणेच ठेवा. बास जोरकस असला की कमी दाबाची सुई खाच सोडते, आणि खाच खरवडते तीच. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, पत्र्याच्या खोलीत नको.