पेट्रोल पिकअप ट्रक ओढत नाही, उभ्या जागी थरथरतो: दोष कसा पकडायचा

गाडी ओढेनाशी झाली की आधी प्लग, मग सेन्सर, मग पंप असं एकेक बदलणं सुरू होतं. पैसे जातात आणि थरथर तशीच राहते. म्हणून मोजून बघितल्याशिवाय काहीही बदलू नका. त्याआधी त्रास नेमका कधी होतो, ते ठरवा. खालची माहिती इंजेक्शनच्या जुन्या पेट्रोल इंजिनांसाठी आहे.

आयडलिंगला थरथर आणि रेस दिली की गाडी सुधारते, असं असेल तर बहुधा कुठून तरी जादा हवा आत शिरते आहे किंवा ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकला आहे. आयडलिंग शांत, पण चढावर दम जातो, तेव्हा पेट्रोल कमी पडतंय किंवा सायलेन्सरची वाट तुंबली आहे. दोन्ही वेळा मिसिंग (सिलिंडर मधूनच न पेटणं) असेल तर इग्निशन, म्हणजे स्पार्क, किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाहा.

गाडीला स्कॅनर जोडता येत असेल तर दोषाचे कोड पुसण्याआधी लिहून ठेवा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याचं. पी०३०० आला तर दोष एका सिलिंडरपुरता नाही. सिलिंडरचे क्रमांक इंजिनागणिक वेगळे असतात, ते मॅन्युअलमध्ये बघा. फ्युएल ट्रिमही वाचा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा. आयडलिंगला तो अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर हवेची गळती. उलट लोड वाढेल तसा तो चढत गेला, तर पेट्रोलचं प्रेशर कमी आहे किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला आहे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नका; न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो.

एकच उपकरण घ्यायचं असेल तर इंजिनाची ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज घ्या. इतक्या साध्या वस्तूत इतकी माहिती दुसरीकडे मिळत नाही. थ्रॉटल (रेस दिली की उघडणारी हवेची झडप) आणि इंजिन यांच्या मधे, हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या नळीला जोडा. धडधाकट इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. दर हजार फूट उंचीमागे साधारण एक इंच वजा करा. काटा खाली पण स्थिर असेल तर हवेची गळती किंवा स्पार्कचं मागे पडलेलं टायमिंग. ठरावीक ठेक्यात खाली आपटत असेल तर जळालेला व्हॉल्व्ह. २५०० आरपीएमला रेस धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत गेला, तर एक्झॉस्ट तुंबलेला आहे. खात्रीसाठी कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर गेलं तर वाट बंद आहे.

हवेची गळती शोधताना रबरी नळ्या वाकवून बघा. वरून धड दिसणारी पीसीव्हीची नळी (इंजिनातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी) कोपऱ्याशी, खालच्या अंगाला तेलाने फुगून मऊ पडते आणि तिथेच चिरते. मॅनिफोल्डच्या गॅस्केटच्या कडेने पाण्याचा बारीक फवारा मारा. जिथे आयडलिंग क्षणभर बदलतं, तिथे गळती. कार्ब क्लीनर, म्हणजे कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे, तोही चालतो, पण तो पेट घेतो. एक्झॉस्ट गरम असताना तो वापरू नका.

मिसिंग कोणत्या सिलिंडरचं आहे ते कळण्यासाठी इंजिन चालू ठेवून इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढा. जो काढल्यावर आरपीएम पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नाही. प्लगला जाणारी हाय टेन्शनची वायर उघड्यावर लोंबती सोडू नका, इग्निशन मॉड्युल जळू शकतं. प्लगांना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर असेल तर त्याची कॅप उलटी करून उजेडात धरा. दोन टोकांच्या मधे शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर तो कार्बनचा माग. पुसून जात नाही, कॅप बदला. प्लगही काढून बघा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पेट्रोलने ओला प्लग म्हणजे स्पार्क नाही. बाकी मळके आणि एकच धुतल्यासारखा चकचकीत, तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय.

पेट्रोलचं प्रेशर उभ्या गाडीवर बरोबर दिसलं तरी समाधान मानू नका. लांब नळीचं गेज बाहेरून वायपरखाली अडकवा आणि दुसऱ्याला चालवायला सांगून चढावर काटा बघा. थ्रॉटल बॉडी इंजेक्शनला (थ्रॉटलपाशीच सगळ्यांसाठी पेट्रोल सोडणाऱ्या) साधारण ९ ते १३ पीएसआय, प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टर असेल तर ३५ ते ६०. नेमका आकडा मॅन्युअलचाच धरा. लोडवर प्रेशर पडलं तर आधी फिल्टर, मग पंपाच्या कनेक्टरवर, पंप चालू असताना, व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा ते अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी आलं तर दोष वायरिंगमध्ये किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये आहे; नवा पंपही तिथे तसाच रडेल.

शेवटी कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढा, पेट्रोल आणि इग्निशन बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा आणि प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरने सारखेच पाच-सहा फेरे द्या. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली नको. कमी आलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी आले, तर त्यांच्या मधली हेड गॅस्केट गेली असं धरून पुढचं काम ठरवा.