वाण्याच्या यादीत नसलेलं सामान

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता लॉकडाऊन जाहीर झाला आणि बारापासून लागू झाला. मधल्या चार तासांत आम्ही दहा किलो गहू, पाच किलो तूरडाळ आणि का कोण जाणे, तीन किलो साबुदाणा भरला. सामान पुरून उरलं, पण झोप आठवड्यातच बिघडली. म्हणून पुढच्या साथीची यादी मी दुसऱ्या टोकाने लिहिली आहे. यातलं बरंचसं साथ नसतानाच करून ठेवायचं आहे.

पहिली नोंद उठायच्या वेळेची. काळजीने झोप कधी लागेल ते आपल्या हातात नसतं, गजर मात्र असतो. ऑफिस घरी आलं तरी तो हलवायचा नाही, आणि पहिला चहा बाल्कनीत, उजेडात घ्यायचा. फोनचा चार्जर आजच स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी न्या. रुग्णांचे आकडे रात्री अंथरुणात बघून एकही रुग्ण कमी झाला नाही, आमची झोप तेवढी गेली.

मग चालणं. आमच्या सोसायटीने गच्चीला कुलूप घातलं, तेव्हा बाबा हॉल ते मागचं दार अशा फेऱ्या मारायला लागले. सदऱ्याच्या उजव्या खिशात राजम्याचे चाळीस दाणे; फेरी झाली की एक दाणा डाव्या खिशात. मोजणी चुकली म्हणून कुणाशी वाद नाही! जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण. वयस्कर माणसांसाठी हात न टेकता खुर्चीतून उठबस करायची सवय आत्ताच लावा, शेजारी धरायला भिंत किंवा टेबल ठेवून. महिनाभर बसून काढला की पायातलं बळ कधी गेलं ते कळत नाही.

खाण्यात घात मिठाने केला. भाजी मिळेना म्हणून रोज लोणचं, पापड, फरसाण. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, हे आईच्या रक्तदाबाने आम्हाला शिकवलं. तेव्हा यादीत फरसाणाच्या जागी मटकी, मूग आणि मोड आणायला एक स्वच्छ पंचा. काढा प्यायचाच तर कपभर. दिवसातून चारदा मिरी-दालचिनी उकळून पिणाऱ्या आमच्या काकांना प्रतिकारशक्तीचं माहीत नाही, जळजळ मात्र भरपूर मिळाली.

रोजच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या हव्यात. त्यांची नावं मोठ्या अक्षरांत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये असू द्या. साखर मोजायच्या पट्ट्यांची मुदत बघा. ऑक्सिमीटरमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते गळतात. सगळे बरे असतानाच प्रत्येकाचा ऑक्सिजनचा आकडा वहीत लिहा. हात गार असेल किंवा नखांना रंग असेल तर तो चुकीचा येतो, म्हणून बोट चोळून पुन्हा घ्या. तरीही ९४ च्या खाली दिसला तर वाट न बघता डॉक्टर.

तंबाखू, सिगारेट, दारू सोडायची असेल तर आत्ताच डॉक्टरांना विचारून सुरुवात करा. मे २०२० मध्ये दुकानं उघडल्यावर लागलेल्या रांगा आठवा. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

त्याच वहीत एकट्या राहणाऱ्यांची नावं आणि फोन कुणी, किती वाजता करायचा ते. आमच्या आत्याचा फोन रोज सातला. बोलायला काही नसलं तर ती भाजी काय केली ते विचारते. खाली १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, तिथे मोफत आणि मराठीत बोलता येतं.

किराणा शेवटी. साबुदाणा एक किलो पुरे.